भ्रमाच्या चौथ्या दिवशी नोंदलेलं बक्षीसपत्र

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. जूनमध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन दिलं, शिवाय झोपेचं औषध. दुसऱ्या दिवसापासून ती भ्रमात गेली. सलाइन उपसायची, वारलेल्या वडिलांना हाका मारायची. चौथ्या दिवशी भावाने दुय्यम निबंधकांना हॉस्पिटलमध्येच बोलावून राहत्या घराचं बक्षीसपत्र स्वतःच्या नावे करून घेतलं. आता आई ठणठणीत आहे, पण तो दिवस तिला आठवत नाही. हॉस्पिटलवर केस करू का?

उत्तर : ताई, तुमचा सगळा राग डॉक्टरांवर आहे, आणि घर तर भावाने नेलंय.

मिडाझोलमसारखी झोपेची औषधं वयस्कांना जपून द्यावीत, असं डॉक्टरच सांगतात. पण असा भ्रम वेदनेनं, जंतुसंसर्गानं, रक्तातलं सोडियम उतरल्यानं, अगदी झोपमोडीनंही होतो. तो त्या औषधानेच झाला आणि त्यात हलगर्जी होती, हे सिद्ध करणं अवघड. शिवाय आई त्या दिवशी भानावर नव्हत्या, हे कोर्टात कोण सांगणार? तेच डॉक्टर. साक्षीदारालाच प्रतिवादी करू नका. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. तो विचार नंतर करू.

आता मुद्द्याचं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२ खाली एक उदाहरण आहे : एरवी शहाणा माणूस तापाच्या भरात बरळत असेल, तर ते बरळणं चालू असेपर्यंत त्याला करार करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं, पण जणू तुमच्या आईंसाठीच! स्थावर मालमत्ता देणाराही करार करायला सक्षम असावा लागतो. कलम १६ तर वय किंवा आजारपणामुळे मन तात्पुरतं दुबळं झालेल्या माणसाकडून करून घेतलेल्या व्यवहाराकडे संशयानेच बघतं.

भावाचा वकील म्हणेल, ‘सकाळी त्या नीट बोलत होत्या.’ आणि ते खरंही असू शकतं. हा भ्रम चढतो-उतरतो. सकाळी माणूस ओळख देतो, दिवेलागणीला बिथरतो. म्हणून सगळी मदार वेळेवर आहे. बक्षीसपत्राच्या शेवटच्या पानांवर दस्त सादर केल्याची वेळ छापलेली असते. ती नर्सच्या नोंदवहीशी ताडून बघा. ‘रुग्ण असंबद्ध बोलते, हात बांधले, अमुक वाजता इंजेक्शन दिलं’ अशी एखादी ओळ त्याच सुमाराची निघाली, तर दहा साक्षीदारांचं काम ती एकटी करेल. सही बँकेतल्या सहीशी जुळते का, तेही पाहा.

म्हणून आईंच्या सहीने हॉस्पिटलकडे संपूर्ण केसपेपर मागा : नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, भुलेची नोंद. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा नियम आहे. त्याचबरोबर नगर भूमापन कार्यालयात हरकत अर्ज द्या. प्रॉपर्टी कार्डाला भावाचं नाव लागलं की पुढची धावपळ दुप्पट.

दस्त रद्द करण्याचा दावा आईंनी स्वतः करायचा. त्या हयात असताना तुम्हाला तो करता येत नाही. मुदत, त्यांना हा प्रकार कळल्यापासून तीन वर्षे. घर पुढे विकलं जाऊ नये म्हणून मनाईहुकूम त्यातच मागायचा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. बक्षीसपत्रात ‘मुलगा सांभाळ करील’ अशी अट असेल आणि तो ती पाळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडेही जाता येतं. तो रस्ता जवळचा.

एक मात्र सांभाळा. दाव्यात कुठेही आईंना वेडसर म्हणायचं नाही. आठ-दहा दिवसांचा भ्रम होता, तो ओसरला, एवढंच. नाहीतर पुढे त्यांच्या साक्षीवरच बोट ठेवलं जाईल, आणि कोर्टात बसून त्यांना ते ऐकावं लागेल ते वेगळंच.

कागद हाती आले की आईंना घेऊन कसबा बावड्याला, कोर्टात या. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. घर कुणाला द्यायचं त्यांच्या मनात आहे, ते मला आधी त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.