शेजारच्या पडीक प्लॉटमधलं काँग्रेस गवत

प्रश्न : सर, आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहतो. घराला लागून तीन गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे, मालक पुण्याला असतात. पाऊस पडला की कंबरेएवढं काँग्रेस गवत माजतं. मधोमध येडी बाभळ आहे, तिच्या फांद्या आमच्या भिंतीवर आल्यात. सासऱ्यांच्या मानेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला दोन वर्षांपासून खाज आणि चट्टे आहेत. मालकांना फोन केला तर म्हणाले, "प्लॉट माझा आहे, तुम्हाला काय करायचं?" आम्हीच माणूस लावून कापून घेतलं तर चालेल का? तक्रार कुणाकडे करायची?

उत्तर : ताई, जमीन त्यांची आहे, पण तिथले परागकण तुमच्या अंगणात येतात. म्हणून हा त्यांच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. नगरपरिषदांना लागू असलेल्या १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे मुख्याधिकारी अशा मालकाला जागा साफ करण्याची नोटीस देऊ शकतात. त्यानं ऐकलं नाही तर नगरपरिषद स्वतः साफ करते आणि खर्च त्याच्याकडून थकीत करासारखा वसूल करते.

मी नोकरीभर स्वच्छता निरीक्षक होतो, असे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. नुसतं "गवत वाढले आहे" असं लिहिलेला अर्ज रोजच्या साफसफाईच्या गठ्ठ्यात जाऊन पडायचा. तुम्ही "उपद्रव" आणि "आरोग्यास अपाय" हे शब्द वापरा. सासऱ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, तारखेसकट फोटो जोडा, गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. आवक क्रमांक टाकलेली पोच हातात पडल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. मालकाचं नाव-पत्ता कर विभागातल्या नोंदीत असतो. तरीही काही झालं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली त्यांना सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देता येतो. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं.

खेड्यातल्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत माजलेलं रान आणि निवडुंग काढणं हे पंचायतीच्या कामांत धरलेलं आहे. काँग्रेस गवताचं नाव त्यात नाही. ते आपल्याकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेस आलं, परदेशी गव्हातून आलं असं मानतात. पण माजलेलं रान म्हटलं की त्यात तेही आलंच.

आता कापण्याचं. परवानगीशिवाय त्यांच्या जागेत पाऊल टाकू नका. "आमच्या खर्चानं साफ करून घेतो, हरकत नाही ना?" असा मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्यांचा होकार जपून ठेवा. पैसे वाचत असले की बरेच मालक हो म्हणतात.

आणि ताई, कापू नका, उपटा. तेही फुलं यायच्या आत. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. एका वर्षी पोळ्यानंतर, सगळीकडे पांढरी फुलं डुलत असताना, मी मशीन लावून एक मोठा मोकळा प्लॉट कापून घेतला. दिसायला स्वच्छ झाला. पण एका झाडाला दहा हजारांच्या वर बी लागतं. ते जमिनीवर झडलं, मशीनला चिकटलं आणि तिथून पुढच्या दोन गल्ल्यांत गेलं. पुढच्या मृगात आधी नव्हतं तिथेही उगवलं. गवत गोळा करणाऱ्या बाईंचे हात मनगटापर्यंत सुजले होते. त्यांना हातमोजे मी द्यायला हवे होते. ते आजही मनाला लागून आहे.

रोप उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. म्हणजे पहिला चांगला पाऊस झाला की तीन-चार आठवड्यांत काम उरकायचं. जमीन ओली असताना बुडाशी धरून सरळ वर ओढलं की पांढरं सोटमूळ अख्खं येतं. कोरड्या जमिनीत ते तुटतं आणि बुडखा पुन्हा फुटतो. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. सासऱ्यांना त्या दिवशी घरात, दारं-खिडक्या लावून बसवा. फूल न आलेलं गवत खड्ड्यात शेणकाल्यासोबत कुजवलं तर चांगलं खत होतं. फुलावर आलेलं त्यात घालू नका. अर्जही याच हिशोबानं मे महिन्यातच द्या, कारण नोटीस निघायला वेळ लागतो आणि गवत काही थांबत नाही.

बाभळीला मात्र हात लावू नका. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, त्यासाठी वेगळा अर्ज द्या. परवानगी मिळाली तर खोड मुळासकट खणून काढायला सांगा. येडी बाभळ बुडख्यातून दुप्पट जोमानं फुटते.

प्रश्न : औसा तालुक्यात आमचाच अर्धा एकर एनए प्लॉट पडून आहे. दरवर्षी मजूर लावणं परवडत नाही. फवारणी करावी का?

उत्तर : वस्तीला लागून असेल तर तणनाशकाला माझा पाठिंबा नाही. एकदा नीट उपटून घ्या आणि पावसाच्या तोंडावर तरोट्याचं बी दाट फेका. तरोटा आधी उठला की काँग्रेसला जागा देत नाही. जोडीला मेक्सिकन भुंगे सोडता येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, कीटकशास्त्र विभागात त्यांची चौकशी करा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, दुधी रंगाचा, पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगा पावसाळ्यात या गवताची पानं जाळी होईपर्यंत खातो. हिवाळ्यात जमिनीत जाऊन बसतो आणि पुढच्या पावसात वर येतो. पहिल्या वर्षी फार फरक दिसणार नाही. म्हणून त्या वर्षी उपटणं थांबवू नका, फक्त एका कोपऱ्यातली झाडं भुंग्यांसाठी राखा आणि त्यांचीही फुलं खुडत राहा.