वाचकांचे प्रश्न : ‘द वुल्फमॅन’वर एकमत का होत नाही?

प्रश्न : २०१०चा ‘द वुल्फमॅन’ हा भयपट आमच्याकडे तिघांनी पाहिला. एकाला संथ वाटला, दुसऱ्याला घाईत उरकलेला, तिसरा अजून त्याच्या धुक्यातून बाहेर आलेला नाही. बरोबर कोण?

उत्तर : आधी तिघांनी एकच आवृत्ती पाहिली होती का, ते विचारा. थिएटरमध्ये लागलेली आवृत्ती १०३ मिनिटांची आहे, दिग्दर्शकाची ११९ मिनिटांची. छोट्या आवृत्तीत ग्वेन, म्हणजे नायकाच्या भावाची वाग्दत्त वधू, नायक लॉरेन्सला पत्र पाठवते आणि तो गावी येतो. मोठ्या आवृत्तीत ती स्वतः लंडनला जाऊन नाटकानंतर त्याला भेटते. लांडग्याच्या मुठीची काठी त्याच्या हातात कशी आली, तो अभिनेता मॅक्स फॉन सिडोचा रेल्वेतला प्रसंगही मोठ्या आवृत्तीतच आहे. हे गाळलं की लॉरेन्स-ग्वेनची ओढ उपरी वाटते. ‘घाईत उरकला’ म्हणणाऱ्यांनी बहुधा छोटी आवृत्ती पाहिलेली असते.

घाईचं मूळ निर्मितीतही आहे. चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना दिग्दर्शक मार्क रोमानेक बाहेर पडले आणि जो जॉन्स्टन आले. प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलत राहिली, संकलनासाठी वॉल्टर मर्च आणि मार्क गोल्डब्लाट यांना आणलं गेलं, डॅनी एल्फमनचं संगीत काढून पुन्हा घेतलं गेलं. ही ओढाताण पडद्यावर दिसते. तरीही तिसऱ्या माणसाचं म्हणणं आम्हाला पटतं. लॉरेन्सचा वाडा टॅल्बट हॉल म्हणून दिसणारं डर्बीशायरचं चॅट्सवर्थ हाउस, मेणबत्तीच्या उजेडातली रिकामी दालनं, १८९१च्या इंग्लंडमधली ती दमट काळोखी, हे सगळं भयपटात इतक्या निगुतीनं क्वचितच उभं राहतं. पाहण्यापूर्वी लांबी तपासा आणि ११९ मिनिटांचीच आवृत्ती निवडा.

प्रश्न : माणसाचा लांडगा होतानाची दृश्यं सरळसरळ संगणकाची वाटतात. मग रंगभूषेचं ऑस्कर कसं मिळालं?

उत्तर : ऑस्कर मिळालं ते पूर्ण झालेल्या लांडग्याला. रिक बेकर आणि डेव्ह एल्सी यांनी लॉरेन्स झालेल्या बेनिसिओ देल तोरोच्या चेहऱ्यावर फोम लॅटेक्सचे, म्हणजे मऊ रबराचे, तुकडे, दात आणि केस चढवून तो घडवला. मधलं रूपांतर मात्र मुख्यतः संगणकावर झालं. याच बेकरनी १९८१मध्ये ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’साठी हात-पाय कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष लांबवून दाखवले होते, त्यामुळे जुन्या चाहत्यांचा राग रास्त आहे. वेड्यांच्या इस्पितळातल्या व्याख्यानाच्या प्रसंगात लॉरेन्सची बोटं पाहा. ती वळतात, लांबतात, पण हाडावर कातडी ताणली जातेय असं वाटत नाही, वजनच नाही. तरीही डॉक्टर बोलत राहतो आणि समोर बसलेल्यांना आधी कळतं, या रचनेमुळे तो प्रसंग अंगावर येतो.

टीव्हीवर ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) चालू असेल तर हा खोटेपणा दुप्पट दिसतो. ते बंद करा आणि ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ मोड लावा. चित्रपटाचे रंग मुळातच फिके ठेवले आहेत. व्हिव्हिडमध्ये काळोख उजळतो.

प्रश्न : चित्रपटातला इन्स्पेक्टर ॲबरलाइन खरा होता का?

उत्तर : होय. फ्रेडरिक ॲबरलाइन १८८८च्या व्हाइटचॅपल खुनांच्या, म्हणजे जॅक द रिपरच्या तपासात होते. लांडग्याचं प्रकरण अर्थातच कल्पित.

प्रश्न : आधी १९४१चा मूळ चित्रपट पाहावा का?

उत्तर : जरूर, ७० मिनिटांचाच आहे. त्यात शेवटी बापाच्या हातून काय घडतं ते लक्षात ठेवा, म्हणजे नव्या चित्रपटातल्या बापाचा धक्का नीट बसेल.

प्रश्न : एकांकिकेत असा लांडगामाणूस दाखवायचा आहे. लॅटेक्स परवडत नाही.

उत्तर : क्रेप (वेणीच्या रूपात मिळणारे लोकरीचे नकली केस) आणि स्पिरिट गम (ते चेहऱ्याला चिकटवायचा रंगभूषेचा गोंद) पुरेसा आहे. गमाचा ठिपका आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली तर तो वापरू नका. लोकरीच्या क्रेपची वेणी उसवा, ओली करून ताणून बांधा आणि रात्रभर वाळू द्या, नाहीतर केस कुरळेच राहतात. काळा, गडद तपकिरी आणि थोडा करडा मिसळा. नुसता काळा दिव्यांखाली डांबरासारखा दिसतो. पाच ते आठ सेंटिमीटरचे झुपके करा. टोकं कात्रीनं सरळ कापू नका, बोटांनी ओढून तोडा, म्हणजे ती निमुळती राहतात.

चेहरा धुऊन कोरडा करा. गम लावायच्या जागी फाउंडेशन नको, तेलकटपणावर तो धरत नाही. पातळ थर द्या, चिकट होईपर्यंत बोटानं थोपटा, मग हनुवटीखालून सुरुवात करून वर चढा. प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर यायला हवी. वरून खाली लावलं की मुळं उघडी पडतात. ओलसर कापडानं दाबा, बोटानं दाबलं तर केस बोटालाच चिकटून येतात. ओठांच्या कोपऱ्यांशी एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, कारण संवाद म्हणताना सगळ्यात आधी तिथलंच सुटतं. पापण्यांजवळ गम नकोच. स्पिरिट गम पेट घेतो, तेव्हा प्रवेशात मशाल असेल तर ती दुसऱ्या पात्राच्या हाती द्या आणि लांब ठेवा. काढताना ओढू नका: रिमूव्हर ब्रशनं कडेला लावा, सुटेल तसं पुढे सरका, शेवटी खोबरेल तेल लावून चेहरा धुवा.