क्रिप्टोकरन्सीच्या प्रकल्पांतले 'राजकारण' : हा शब्द इथे चालेल का?

प्रश्न असा आला आहे : बिटकॉइन, इथेरियम अशा मुक्तस्रोत (ज्यांचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो अशा) प्रकल्पांतल्या वादांबद्दल लिहिताना इंग्रजीत सर्रास 'पॉलिटिक्स' म्हणतात. मराठीत 'राजकारण' लिहावे का? तिथे राज्य नाही, निवडणूक नाही, पक्ष नाहीत. म्हणून प्रश्नकर्त्याने आपल्या लेखात 'बिटकॉइनच्या डेव्हलपरांमधील गटबाजीमुळे २०१७मध्ये हे चलन दुभंगले' असे वाक्य लिहिले आहे आणि ते बरोबर आहे का, असे विचारले आहे.

माझ्या मते 'राजकारण'च लिहावे, आणि 'गटबाजी' काढून टाकावी.

'यात राजकारण आहे' असे म्हटले की आज ऐकणाऱ्याला डावपेच, कावेबाजपणा एवढेच आठवते. पण तो या शब्दाचा एक कोपरा झाला. रामदासांनी 'मुख्य हरिकथा निरूपण, दुसरे ते राजकारण' म्हटले तेव्हा माणसे ओळखणे, समुदाय जोडून ठेवणे, धोरणाने वागणे असा बराच मोठा पसारा त्यांच्या मनात होता. आणि साहित्यातले राजकारण, क्रिकेटमधले राजकारण असे आपण बोलतोच. तिथे राज्य कुठे आहे, असे कोणी विचारत नाही. जिथे अनेकांवर बंधनकारक होणारा निर्णय घ्यायचा असतो आणि तो कोणी घ्यायचा हेच ठरलेले नसते, तिथे राजकारण असते. मुक्तस्रोत चलनांत तर हे शंभर टक्के लागू पडते.

'गटबाजी'ची अडचण अशी की त्या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. भांडण स्वार्थाचे होते, मुद्दा काही नव्हता, असे तो शब्द सांगतो. बिटकॉइनच्या ब्लॉकचा वाद तसा नव्हता. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक तयार होतो. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या निर्मात्याने २०१०मध्ये त्यावर १ मेगाबाइटची मर्यादा घातली. वापर वाढला तशी जागा अपुरी पडू लागली. मर्यादा वाढवली तर जास्त व्यवहार मावतील आणि शुल्क आटोक्यात राहील; पण संपूर्ण खातेवही साठवून स्वतः पडताळणे जड होईल आणि साध्या संगणकावर नोड (अशी पडताळणी करणारा संगणक) चालवणारे गळतील. व्यवहार स्वस्त ठेवायचा की पडताळणी सर्वांच्या हातात ठेवायची? हा प्रश्न तांत्रिक भाषेत विचारला जातो, पण त्याचे उत्तर कोणत्याही मोजमापातून निघत नाही. काय जपायचे, हे माणसांनाच ठरवावे लागते.

या वादात कोण कोण होते तेही पाहा. ऑगस्ट २०१५मध्ये माइक हर्न आणि गॅविन अँड्रेसन या बिटकॉइनच्या डेव्हलपरांनी 'बिटकॉइन एक्सटी' या वेगळ्या सॉफ्टवेअरमधून ८ मेगाबाइटचा प्रस्ताव पुढे रेटला. तो टिकला नाही आणि जानेवारी २०१६मध्ये हर्न बाहेर पडले. दुसऱ्या बाजूने 'सेगविट' हा बदल आला : व्यवहारांच्या सह्या वेगळ्या ठेवून ब्लॉकमध्ये जागा करायची. तो लागू व्हायला मायनरांकडून, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्यांकडून, ९५ टक्के ब्लॉकांमधून पाठिंब्याचा संकेत हवा होता आणि महिनोन्महिने तेवढा मिळेना. मे २०१७मध्ये न्यूयॉर्कला पन्नासहून अधिक कंपन्यांनी करार केला : सेगविट आणि त्यानंतर २ मेगाबाइटचा ब्लॉक. त्याच सुमारास नोड चालवणाऱ्यांतल्या काहींनी जाहीर केले की १ ऑगस्टपासून सेगविटला संकेत न देणारे ब्लॉक आम्ही नाकारू. ऑगस्टमध्ये सेगविट लागू झाले, आणि नोव्हेंबरमध्ये करारातला २ मेगाबाइटचा भाग सोडून द्यावा लागला. डेव्हलपर, मायनर, कंपन्या, नोडवाले : प्रत्येकाच्या हातात थोडी थोडी सत्ता, आणि ती किती आहे हे वापरून पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नव्हते. याला 'अंतर्गत मतभेद' म्हणणे फारच मिळमिळीत आहे.

रोजच्या कामातही हे दिसते. 'बिटकॉइन कोअर' या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये कोणी बदल सुचवला की तपासणारे खाली 'कन्सेप्ट अॅक' लिहितात, म्हणजे कल्पना मान्य. कोड वाचून झाला की नुसते 'अॅक'. विरोध असेल तर 'नॅक', आणि नॅकसोबत कारण द्यावेच लागते. मतमोजणी होत नाही. कोणाच्या मताला किती वजन द्यायचे ते मेंटेनरांनी (बदल कोडमध्ये सामील करून घेणाऱ्यांनी) तारतम्याने ठरवावे, दीर्घकाळ जाणतेपणाने काम केलेल्यांच्या मताला जास्त वजन मिळू शकते, असे प्रकल्पाच्या सूचनांतच नमूद आहे. 'त्यांचे तिथे वजन आहे' हे आपण मराठीत कोणत्या संदर्भात म्हणतो, ते वेगळे सांगायला नको. हे वजन बहुतेक वेळा कष्टाने कमावलेले असते, हेही खरे.

जाता जाता 'कन्सेन्सस'बद्दल. इथे त्याचे दोन अर्थ आहेत आणि मराठीत ते वेगळे ठेवता येतात. सगळ्या संगणकांनी तोच ब्लॉक ग्राह्य मानणे हे 'एकमत'. त्यात अधलेमधले काही नसते. माणसांनी आक्षेप ऐकून, त्यांना उत्तरे देऊन पुढे जाणे ही 'सहमती'. तिच्यात काही जण नाराज राहू शकतात. वाद बहुधा तेव्हा चिघळतो जेव्हा सहमती झालेली नसताना कोणी एकमत घडवू पाहतो.

आता 'फोर्क', म्हणजे प्रकल्पाला वेगळी वाट फुटणे. इतर मुक्तस्रोत प्रकल्पांत वेगळी चूल मांडणे सोपे असते : कोड घ्या, नवे नाव द्या, कामाला लागा. चलनात कोडबरोबर खातेवहीही दुभागते. जुन्या धारकाकडे दोन्ही बाजूंची नाणी येतात आणि जुने नाव कोणाचे, यावरून जुंपते. नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्सचेंजने यादीत कोणते संक्षिप्त नाव कोणाला दिले, यालाही मग महत्त्व येते. चलनाची किंमत लोक एकत्र राहण्यावरच उभी असते, म्हणून इथले राजकारण इतके तापते. २०१६च्या जूनमध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) एका हल्लेखोराने काढून घेतले. ते परत मिळवण्यासाठी २० जुलैला नियम बदलला, आणि झालेली नोंद फिरवणे ज्यांना अमान्य होते ते जुन्याच खातेवहीवर, म्हणजे 'इथेरियम क्लासिक'वर राहिले. या प्रसंगाला मी 'फाटा' म्हणणार नाही, 'फूट'च म्हणेन. साध्या सुधारणेसाठी सगळ्यांनी मिळून केलेल्या फोर्कला मात्र 'फूट' म्हणू नये.

'गव्हर्नन्स'ला 'शासन' नको. 'कारभार' चांगला बसतो. टेझोससारख्या चलनात प्रस्तावांवरचे मतदान प्रणालीतच बांधलेले आहे. तिथे 'कारभाराचे नियम' असे बिनदिक्कत लिहिता येते.

राहिले तुमचे वाक्य. त्यात 'डेव्हलपरांमधील' हेही अपुरे आहे, कारण मायनर, कंपन्या आणि नोडवालेही तितकेच त्यात होते. आणि 'दुभंगले' म्हटले की दोन सारखे तुकडे डोळ्यांसमोर येतात, तसे झाले नाही. मी असे लिहीन : 'ब्लॉकच्या आकारावरून दोन वर्षे चाललेल्या राजकारणानंतर १ ऑगस्ट २०१७ रोजी एक गट बिटकॉइनमधून फुटला आणि ८ मेगाबाइटची मर्यादा घेऊन त्याने बिटकॉइन कॅश सुरू केले.'