उपकारस्तुती ओठांवर येत नाही तेव्हा

प्रिय लेकरा,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. प्रार्थनासभेत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, पाळी आली, तू उठून ‘देवाची कृपा, सगळं छान चाललंय’ म्हणालास आणि घरी आल्यावर स्वतःचीच चीड आली. नोकरी गेलेली, घरात आजारपण, आणि त्यावर कोणीतरी ऐकवलं की विश्वासणाऱ्याने कुरकुर करू नये, आभार मानावेत. आता तुला वाटतंय, आपला विश्वासच खोटा.

विश्वास खोटा नाही. साक्ष मात्र खोटी होती, आणि ती तुला टोचली हे मला चांगलं लक्षण वाटतं.

तुला ऐकवणाऱ्याने बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन पुढे केलं असणार: “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.” वचन आपल्याला पाळायचंच आहे, पण ते लिहिणाऱ्याची अवस्था आधी बघ. पत्र साधारण इ.स. 50-51 सालचं. ते लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पै शहरात फटके खाऊन, तुरुंगात राहून थेस्सलनीकेला आला होता. तिथे दंगल उसळली आणि बंधुजनांनी त्याला रातोरात बिरुया गावाला रवाना केलं. मागे उरलेल्या नवख्या ख्रिस्ती मंडळीचा छळ चालूच राहिला. त्या लोकांना तो हे लिहितोय. शिवाय त्याच पत्रात, एक अध्याय आधी, मरण पावलेल्यांसाठी शोक करणाऱ्यांची तो समजूत घालतो. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढंच सांगतो. डोळे पुसा आणि आभार माना, असं कुठे म्हणत नाही.

स्वतः पौल तरी काय करायचा? त्याच्या पत्रांच्या सुरुवाती एकदा सलग वाचून काढ. मंडळ्यांना लिहिताना नमस्कार झाला की बहुधा लगेच ‘तुमच्याविषयी मी देवाचे आभार मानतो’ असं येतं. गलतीकरांना लिहिताना ते येतच नाही. तिथली मंडळी सुवार्तेपासून ढळत होती, म्हणून तो सरळ ‘मला आश्चर्य वाटतं’ असं म्हणत विषयालाच हात घालतो. प्रेषिताला रिवाज ठाऊक नव्हता असं थोडंच आहे! त्या घडीला त्यांच्याबद्दल आभाराचा शब्द त्याने कागदावर आणला नाही, एवढं खरं.

याउलट करिंथची मंडळी. भांडणं, तट, एकमेकांवर कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनातसुद्धा कोणी उपाशी तर कोणी झिंगलेला. त्यांच्याबद्दल मात्र तो आभार मानतो, आणि कशाबद्दल ते नेमकं सांगतो: त्यांना मिळालेलं बोलण्याचं आणि ज्ञानाचं धन. पुढे याच दानांवरून त्यांची चांगली खरडपट्टीही काढतो. दान खरं होतं म्हणून आभार, वापर वाईट होता म्हणून कानउघाडणी, दोन्ही एकाच पत्रात. मला हे फार शिकण्यासारखं वाटतं. तुझी नोकरी गेली ते वाईटच झालं, त्याला चांगलं म्हणायची सक्ती तुझ्यावर कोणी केलेली नाही. पौलाने तरी ‘शरीरातल्या काट्याबद्दल’, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या त्रासाबद्दल, आधी काय केलं? तो काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवलं.

आणि आभार मुळीच सुचत नसतील, तर बायबलमधलं 88वं स्तोत्र काढ. ते सुरू होतं आक्रोशाने आणि संपतं अंधारात. शेवटी आशेची एक ओळसुद्धा जोडलेली नाही. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, म्हणजे देवाच्या लोकांनी ते प्रार्थना म्हणून जपलं. त्या माणसाने तक्रार केली ती देवाकडेच, रात्रंदिवस. जो असा देवाशी भांडतो, तो देवाला सोडून गेलेला नसतो. देवाला टाळून गोड बोलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एका सल्ल्यापासून मात्र जपून राहा. ‘तुझ्यापेक्षा हाल असणारे बघ, मग आभार मानावेसे वाटतील.’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, मंडळीतही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, नेमकं हेच करतो. त्याची प्रार्थना ‘हे देवा, मी तुझे आभार मानतो’ अशीच सुरू होते. पुढे इतरांची यादी आणि मग तिथेच दूर उभ्या असलेल्या एका जकातदाराकडे कटाक्ष. दुसऱ्याच्या दुःखाच्या मापाने मोजलेली कृतज्ञता तिथेच जाऊन पोचते.

येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुला संडेस्कूलपासून पाठ आहे, म्हणून एकच गोष्ट दाखवतो. सुरुवातीला ते दहाही जण दूर उभे राहून ओरडतात. नियमाने त्यांना दूरच राहावं लागे. आभार मानायला परत आलेला शोमरोनी, यहूदी ज्याला परका मानत, तो थेट येशूच्या पायाशी पालथा पडतो. बरे दहाही झाले. पायांपर्यंत एकटाच आला.

आता करायचं काय, तर पुढच्या सभेत पाळी आली की खरं सांग. ‘काम गेलंय, घरात आजार आहे, प्रार्थना करा’ हीसुद्धा साक्षच आहे. आणि एखादी गोष्ट खरोखर आभार मानण्याजोगी असेल तर तिचं नाव घे. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असं मोघम म्हणून सुटू नकोस. मला त्या वाक्याचा कंटाळा आहे, कारण त्यात बहुतेक वेळा एकही आशीर्वाद नसतो.

जुन्या करारातल्या लेवीयच्या 7व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचा एक नियम आहे: त्याचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या अर्पणाला दुसऱ्या दिवसाची मुभा होती, याला नाही. नियमाचं कारण तिथे दिलेलं नाही. पण एक अख्खं जनावर आणि सोबतच्या पोळ्या एका दिवसात संपवायच्या तर माणसं बोलवावीच लागत असतील, असं मला आपलं वाटतं. आभार एकट्याने उरकायची गोष्ट तेव्हाही नसावी.

म्हणून शेवटचं विचारतो. आजारपणात रात्री जागायला शेजारच्या मावशी येतात, असं तू पत्रात ओझरतं लिहिलंस. त्याबद्दल तू देवाचे आभार मानलेस, चांगलं केलंस. त्यांना स्वतःला काही बोललास का? प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, हे पौलाने रोमच्या अख्ख्या मंडळीला नावानिशी कळवलं. तू निदान मावशींच्या दारापर्यंत जा. काय बोललास आणि त्या काय म्हणाल्या, ते मला पुढच्या पत्रात लिही, नोकरीचंही कळव.

प्रभूमध्ये तुझा,
काका