नकाशा काढण्याआधी

नवं कॅथलिक हायस्कूल बांधायचं म्हणून तुम्हाला आर्किटेक्टकडे जायची घाई झाली आहे, पण आधी बिशपांची लेखी संमती घ्या. 1983 च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, कलम 803 स्पष्ट आहे: चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेला 'कॅथलिक' हे नाव लावता येत नाही. सरकारी परवानग्या वेगळ्या.

मग मुलं मोजा. आसपासच्या पॅरिशची (स्थानिक चर्चच्या हद्दींची) बाप्तिस्म्याची रजिस्टरं उघडून बसा. आज बाप्तिस्मा झालेलं बाळ साधारण 13-14 वर्षांनी हायस्कूलच्या दारात येतं. काही कुटुंबं तोवर दुसरीकडे जातील, काही दुसरी शाळा निवडतील. तेवढी वजावट धरा. सभेत हात वर करणारे सगळेच पालक प्रवेश घेतात असं समजू नका.

मुख्याध्यापक इमारतीच्या आधी नेमा, हा माझा आग्रहच आहे. प्रयोगशाळेतलं पाणी, गॅस, सांडपाण्याची लाइन कुठून जाणार हे स्लॅब पडण्याआधी ठरायला हवं, आणि ते शिकवणाऱ्या माणसालाच नीट सांगता येतं. नाहीतर नंतर फरशी फोडणं आलं.

चॅपल, म्हणजे शाळेतलं छोटं प्रार्थनागृह, 'पुढच्या टप्प्यात' ढकलू नका. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. छोटं चालेल, पण वर्गात जाता-येता मुलांच्या वाटेवर हवं.

पहिल्या वर्षी सगळ्या इयत्ता उघडू नका. सर्वांत खालच्या इयत्तेपासून सुरुवात करा, दरवर्षी एक वाढवा. बांधकामही तसंच टप्प्यांत होऊ शकतं. पाया मात्र पूर्ण इमारतीच्या हिशोबानेच घाला.