तिघं गातात, तरी एकच आवाज का वाटतो?

क्रॉसबी, स्टिल्स अँड नॅश या तिघा गायकांच्या रॉक गटाच्या 1969च्या पहिल्या अल्बमचं एवढं कौतुक का, आणि ख्याल ऐकणाऱ्या कानाने त्यातली हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांत गाणं, पकडायची कशी, असं तुम्ही विचारलंय. ‘हेल्पलेसली होपिंग’ लावा. तीनेक मिनिटांचं गाणं, ड्रम नाहीत, त्यामुळे गळे स्वच्छ ऐकू येतात.

आपल्याकडे मागे बसलेला शिष्य गुरूचेच स्वर गातो. इथे शब्द तेच, पण एक जण सा वर, दुसरा ग वर, तिसरा प वर आणि गाणं पुढे सरकेल तसे तिघंही स्वर बदलतात. ढोबळमानाने वर नॅश, खाली स्टिल्स, मध्ये क्रॉसबी. नॅश एव्हर्ली ब्रदर्स ही दोघा भावांची गायकजोडी ऐकत तयार झालेला. दोन आवाज ठरावीक अंतर राखून बरोबरीने वर-खाली जातात ती त्यांची पद्धत. ते तुलनेने सोपं. खरी कसोटी मधल्याची. वरचे-खालचे स्वर गेलेले, उरेल तो घ्यायचा. त्यामुळे मधली ओळ सुटी गायली तर चाल वाटतच नाही: बराच वेळ एकाच स्वरावर रेंगाळते, मग भलतीकडेच उडी. क्रॉसबी यात उस्ताद होता, बर्ड्स या आधीच्या बँडमध्ये असल्यापासून. माझ्या मते या अल्बमची जादू त्याच्यात आहे, आणि तोच सगळ्यात कमी ऐकू येतो. ती मधली ओळ गुणगुणून बघा, दोन शब्दांत नॅशच्या ओळीवर घसराल.

मग ‘ग्विनिव्हिअर’. त्यात क्रॉसबी आणि नॅश दोघंच गातात, गिटार नेहमीपेक्षा वेगळी लावलेली. ‘सूट: जूडी ब्लू आइज’ शेवटी ऐका. सात मिनिटांहून मोठं, चार तुकडे जोडलेलं, स्टिल्सने गायिका जूडी कॉलिन्सवर लिहिलेलं. गिटार, बास सगळं त्याचंच.

कव्हर बघून कोण कुठला ते ठरवू नका. सोफ्यावर डावीकडून नॅश, स्टिल्स, क्रॉसबी बसलेत, म्हणजे नावाच्या बरोबर उलटे. फोटो काढला तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं. ते ठरल्यावर पुन्हा फोटो काढायला गेले, तर मागचं घरच पाडलेलं होतं!

वुडस्टॉक या 1969च्या मोठ्या संगीत महोत्सवातलं त्यांचं चित्रीकरण मात्र आधी पाहू नका. लोकांसमोर गायची त्यांची ती दुसरीच वेळ, आवाज जरा खरबरीत लागलेत. स्टुडिओत तेच गळे एकावर एक पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले, त्यामुळे अल्बमवरची भरीव जाड साय वुडस्टॉकला नाही.