सुरमईसाठी पहिली जिग

जिग म्हणजे माशासारखं दिसणारं धातूचं आमिष. तिच्या रंगांच्या मागे लागू नका. सुरमई तारलीमागे धावते, म्हणून लांबट, सपाट, चंदेरी जिग घ्या. ४० आणि ६० ग्रॅमच्या दोन-दोन पुरेत. त्याआधी तुमच्या रॉडवर छापलेली वजनमर्यादा बघा.

काटकसर जिगवर करा, वायरवर नको. नुसती नायलॉन लीडर (लाइन आणि जिगमधला जाड तुकडा) सुरमईच्या दातांपुढे टिकत नाही. ४० पौंडांचा ताण सोसणारी, साधारण वीतभर स्टीलची वायर लावा. स्विव्हल (लाइनला पीळ पडू न देणारा फिरता जोड) लहान आणि काळाच. चकचकीत असला तर मासा त्यालाच तोंड घालतो आणि लाइन कापून जाते.

नवशिक्यांच्या हमखास चुका:
- रील सावकाश फिरवणं. जिग खाली सोडा, मग जोरात ओढा. धक्का बसून मासा सुटला तरी थांबू नका.
- फक्त पुढे गळ. सुरमई बऱ्याचदा आमिष शेपटाकडून तोडते. मागेही एक सिंगल गळ हवा. ट्रेबल (तीन टोकांचा गळ) सध्या नकोच, काढताना बोटं फाटतात.
- उधाणाला जाणं. मुंबईचं पाणी तेव्हा फार गढूळ असतं. भांगाचे (अष्टमीच्या आसपासचे, लहान भरती-ओहोटीचे) दिवस धरा, होडीने जरा बाहेर जा.

पक्कड सोबत हवीच. घरी आल्यावर जिग गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गळ जोडणाऱ्या रिंगा गंजतात.